इंगवल्यांच्या घरची भीती

“बस खुर्चीत, आणि मोकळ्या मनानं घाबर,” मामंजी म्हणाले.

मी बसले. खुर्ची वेताची होती, मधोमध खचलेली. माझ्या आधी कितीतरी वर्षं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्यात बसून घाबरल्या होत्या. समोर सिनेमे भाड्यानं देणाऱ्या किसनदास शेठच्या गोदामाची चुना दिलेली भिंत, तिच्यावर ताणलेला पडदा. मागं फिल्मच्या पत्र्याच्या डब्यांची छतापर्यंत गेलेली चळत. बाहेर मिरजेची भर दुपार उन्हात तळत होती, पण खिडक्यांना गोणपाटं ठोकून शेठनं आत रात्र करून ठेवली होती. गोणपाटाच्या भोकांतून ऊन आत यायचं आणि जमिनीवर जोंधळ्यासारखं सांडायचं.

मामंजी म्हणजे माझे सासरे, खाशाबा इंगवले. ‘इंगवले टुरिंग टॉकीज’चे मालक. माणदेशातल्या जत्रांमधून आमचा तंबू हिंडायचा. पालखी देवळात गेली की माणसं थेट आमच्या तंबूकडं सुटायची, आणि तीही भुताच्या सिनेमाला. देवापुढं हात जोडून झाले की माणसाला भूत बघावंसं वाटतं, हा मामंजींचा आयुष्यभराचा अनुभव. म्हणून दर हंगामाला शेठच्या गोदामातून भुताचा एक सिनेमा निवडायचा आणि तोच सगळ्या जत्रांना लावायचा. निवड चुकली की वर्ष बुडालं.

निवडायची रीत आमच्या घरचीच. मामंजी पडद्याकडं बघतच नसत. खुर्चीत आत्याबाईंना बसवायचं, आपण पडद्याकडं पाठ करून त्यांच्यासमोर स्टुलावर बसायचं, आणि सिनेमाभर बायकोच्या तोंडाकडं एकटक बघायचं. तिनं किंकाळी फोडली की सिनेमा घ्यायचा. नाही फोडली की डबा परत. शेठनं एकदा सुचवलं होतं की घाबरायला एखादी बाई रोजानं आणू. मामंजी म्हणाले, “रोजाचं माणूस रोजापुरतं भितं, शेठ. भीती घरची लागती.”

आत्याबाईंची किंकाळी तंबूवाल्यांत नावाजलेली होती. दुसरे मालक आडून चौकशी करायचे, ‘इंगवलीणबाई औंदा कशाला किंचाळल्या?’

पण त्या हिवाळ्यात गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं आणि आत्याबाईंचा मोतीबिंदू निघाला. जाड भिंगांचा चष्मा आला. त्या चष्म्यातून त्यांनी शेठचा पहिला राक्षस बघितला आणि पदराचा बोळा तोंडाला लावून हसत सुटल्या.

“अवो, ह्याच्या पाठीला चेन हाय,” त्या म्हणाल्या. “आन् पायात सपाता.”

इतकी वर्षं आमचा धंदा मोतीबिंदूवर चालला होता, हे घरात कुणी तोंडानं बोललं नाही. मामंजी मात्र सुतक असल्यासारखे हिंडू लागले. आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लग्नाआधी मी सांगलीला नर्सिंगच्या कोर्ससाठी अर्ज केला होता, आणि आता माझा नंबर लागला होता. जूनला हजर व्हायचं होतं. माझे यजमान भानुदास तंबूतलं सिनेमाचं मशीन चालवायचे. त्यांची ना नव्हती. पण हो म्हणायचं झालं तर ते वडिलांच्या तोंडून म्हणायचे. मी धीर करून मामंजींनाच विचारलं. त्यांनी मिशी चाचपली.

“ह्या हंगामाला नीट घाबर,” ते म्हणाले. “शिनेमा चालला तर जूनला मी सोता तुला एष्टीत बसवीन. न्हाई चालला तर पुढचं पुढं.”

तर अशी मी त्या खुर्चीत बसले होते. घाबरले तर सांगली, नाहीतर काही नाही.

अडचण एकच होती. माझं माहेर ओढ्याकाठचं, मसणवट्याला लागून. आमच्याकडं भुताखेतांना नावानं हाक मारायची पद्धत. चिंचेवरच्या सटवाक्काला माझी आई जाता-येता विचारायची, ‘काय गं, जेवलीस का?’ आई जात्यावर बसली की देवांच्या ओव्या संपल्यावर भुतांच्याही एक-दोन व्हायच्या. ती म्हणायची, त्यांचं तरी कोण नाव घेतंय?

पहिला सिनेमा होता ‘खुनशी डोंगराचा केसाळ’. कॉलेजची पोरं-पोरी डोंगरावर सहलीला जातात, आणि गुहेतून एक केसाळ राक्षस बाहेर येतो. राग कशाचा ते कुणी सांगत नाही. बहुधा सहलीतल्या गाण्यांचा असावा. त्याचं अंग घोंगड्याचं होतं, आणि दोन घोंगडी जोडलेली शिवण पोटावरून सरळ खाली गेलेली. उन्हात शूटिंग केलेलं. बिचाऱ्याच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. पोरी किंचाळून पळायच्या, आणि हा मागून दोन्ही हात पुढं करून यायचा, न्हाणीत कुणी विसरलेल्या पोरासारखा. मला काय झालं कुणास ठाऊक, ओठ आपोआप हलायला लागले:

केसाळ राकूस गं, त्याला कोण घाली न्हाऊ
आईविना वाढला, त्याला कशाला बाई भिऊ

“काय पुटपुटतीस?” समोरून मामंजी.

“काही नाही, मामंजी.”

“ओवी म्हणतायत,” मागून शेठ म्हणाला. “मालक, आमच्या राक्षसाला पाळण्यात घालतायत.”

बाजूला चटईवर आत्याबाई बसल्या होत्या. त्या खुदकन हसल्या.

मला सांगली आठवली. मी डोळे मिटले, दम घेतला आणि ओरडले. पत्र्याचे डबे थरथरले. भानुदासांनी दचकून मशीन थांबवलं. मामंजी डोळे मिटून, मान तिरपी करून बसले होते. गवई तंबोऱ्याची तार ऐकतो तसे.

“ही हाक झाली,” ते शांतपणे म्हणाले. “रानातल्या म्हशीला मारत्यात तसली. किंकाळी पोटातनं येती. ही गळ्यातनं आली. भानू, डबा बदल.”

दुसरा सिनेमा ‘विहिरीतली जाऊबाई’. ही पांढरी साडी नेसून, हातात मेणबत्ती घेऊन विहिरीतून वर यायची. साडी परीटघडीची, आणि विहिरीतून निघूनही कोरडी. सिनेमाभर ती वाड्यातून फिरली. जिन्यावरून चढली, जिन्यावरून उतरली. ती आली की पडदे हलायचे, आणि पडद्यामागून पंखा धरलेला हात दिसायचा.

“बिचारी,” आत्याबाई म्हणाल्या. “एवढी घरभर फिरती, पर एकानं तरी च्या घेतीस का म्हणून इचारलं?”

“तू बोलू नगंस,” मामंजी म्हणाले. “तिची भीती मोडती.”

“भीती आली हुती व्हय?”

“येत हुती. नाकपुडी हलली हुती तिची.”

माझी नाकपुडी गोदामातल्या धुळीनं हलली होती. पण मी गप्प राहिले. तेवढीच आशा.

तिसरा होता ‘बारा बोटांचा मांत्रिक’. त्याची जादाची बोटं मेणाची असावीत, कारण मंत्र म्हणता म्हणता त्यातलं एक गळून होमात पडलं. मांत्रिकानं खाली बघितलं, क्षणभर विचार केला आणि मंत्र पुढं चालू ठेवला.

“हे नवीन तंत्र आहे,” शेठ म्हणाला. “आणि मालक, ह्याच्यात सात खून आहेत. पहिल्यात तीनच होते.”

“खून मोजून भीती वाटती व्हय, शेठ? मग माणसं मटणाच्या दुकानात जाऊन बसली नसती का?”

माझं अंग आता खरोखर थरथरत होतं. पण ते भुकेनं. मामंजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पाऊस हुकलेल्या आभाळाकडं बघावं तशी. ते माझ्याकडं बघून म्हणाले, “तुझी चूक न्हाई, पोरी. भीती काय अंगात असावी लागती.” आणि मला समजलं की सांगली गेली.

“आता डबा येईल जेवणाचा,” शेठ म्हणाला. “तोवर एक कौटुंबिक लावतो. कुणी नेत नाही तो, पण मन शांत होतं. ‘सून माझी समई’.”

मामंजी उठलेच नाहीत. सवयीनं तसेच पडद्याकडं पाठ करून, माझ्याकडं तोंड करून बसून राहिले. भानुदासांनी डबा चढवला.

सिनेमात एक मुलगी होती. जिल्ह्यात पहिली आलेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिची वेणी लांब होती, आणि पुस्तक वाचताना ती वेणीचं टोक दातात धरायची; मीही धरायचे. मग तिचं लग्न झालं. सासर चांगलं होतं. छळ नाही, मारझोड नाही, सगळे हसरे. सासरे म्हणाले, शीक हो पोरी. मग दिवाळी आली, मग दिराचं लग्न आलं, मग सासूबाई पडल्या. मुलीनं त्यांची सेवा केली. सासूबाई बऱ्या झाल्या. सगळं घर बैठकीत जमलं. सासऱ्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, अशी सून सात जन्मांत मिळणार नाही. मुलगी हसली. खूप गोड हसली. म्हणाली, ‘हेच माझं हॉस्पिटल आणि तुम्हीच माझे पेशंट.’ पाठीमागं सनई सुरू झाली. मग तिनं आपली पुस्तकं एकेक करून एका पेटीत ठेवली. पुस्तकांवर तिनं हळदीकुंकू वाहिलं. हसत हसत झाकण लावलं. घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती किंकाळी माझी होती हे मला नंतर कळलं. आधी वाटलं गोदामात कुणाला तरी करंट बसला. खुर्ची उलटली होती, मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि माझे दात वाजत होते. आत्याबाई चष्मा सावरत माझ्याकडं बघत होत्या. हसत नव्हत्या.

मामंजी स्टुलावरून उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“शेठ,” ते म्हणाले, “हा द्या.”

“हा?” शेठ गडबडला. “अहो मालक, ह्याच्यात भूत नाही. शेवटी सगळे एकत्र फोटो काढतात.”

“कुठं घाबरलीस पोरी?”

“पेटी... पेटी मिटली तिथं.”

“पेटीत काय हुतं?”

“पुस्तकं.”

मामंजींनी मान हलवली, एखादी अवघड गोष्ट उलगडावी तशी. “म्हंजे दाखवलंच न्हाई. शेठ, जे भूत दाखवत न्हाईत ते लई मोठं असतं. बांधा.”

“मालक, माझ्या नावाला बट्टा लागेल.”

“किंकाळी खोटं बोलत न्हाई,” मामंजी म्हणाले. त्यांच्यासाठी तो विषय संपला होता.

पेंटरनं बोर्ड रंगवला: नवरीच्या हातात समई, आणि पायाशी अर्धवट उघडी पेटी, आत दोन लाल डोळे. खाली तांबड्या ओघळत्या अक्षरांत, ‘सून माझी समई. कमजोर काळजाच्या माणसांनी आणि गरवार बायांनी येऊ नये’. जीपवरच्या भोंग्यातून मामंजी स्वतः ओरडत फिरले, “बघा, बघा, घरात शिरलेली भीती! एकट्यानं बघायचं धाडस असंल तर या!”

पहिल्या जत्रेत तंबू भरला. आमच्याकडं मधोमध दोरी बांधून तिच्यावर कापड टाकलेलं असायचं. एका अंगाला बाप्ये, एका अंगाला बाया. बाप्ये भुतासाठी आले होते. दिवाळी झाली, दिराचं लग्न झालं, तरी भूत येईना. “कुठाय रं भूत?” अशी कुजबुज सुरू झाली. शेंगांची टरफलं पडद्यावर यायला लागली. मी बायांच्या अंगाला मागं उभी होते.

मग शाल आली. मग पुस्तकं पेटीत गेली. झाकण खाली आलं.

आणि पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली. नऊवारीतली, कपाळभर कुंकू लावलेली, मांडीवर लेकरू. तिच्या मागून दुसरी. मग कडेला एकजण, मग एकदम पाच-सहा. कापडाच्या अलीकडं वादळ उठल्यासारखं झालं. आणि पलीकडं एकदम शांतता. मग एक पुरुषी आवाज: “गड्या, भूत आलं वाटतं. आपलं ध्यान कुठं हुतं?”

दुसऱ्या खेळाला तेच बाप्ये परत आले, भूत शोधायला. तिसऱ्याला आणखी. जत्रेत चहाच्या पालांवर भांडणं लागली. एक म्हणायचा भूत समईच्या ज्योतीत आहे, नीट बघितलं तर दात दिसतात. दुसरा म्हणायचा सासऱ्याच्या मागं जे कपाट आहे त्याचं दार हलतं. एका सरपंचानं शपथ घेऊन सांगितलं की त्यानं पेटीतून हात बाहेर आलेला बघितला. बाया काही बोलायच्या नाहीत. त्या पदर नीट करून, आपापल्या घरच्यांना वाढायला निघून जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन यायच्या.

तसा हंगाम इंगवले टॉकीजनं कधी बघितला नव्हता. दुसरे तंबूवाले येऊन मामंजींना विचारायचे, “मालक, कसा वळखला?” मामंजी मिशीला पीळ देऊन म्हणायचे, “घरची भीती हाय.” मी बोटांवर जून जवळ आणत होते.

शेवटच्या जत्रेला, दिवस मावळायच्या आत, पहिल्या खेळाआधी मामंजींनी तंबूत सगळ्यांना थांबवलं. पडद्यासमोर पाट मांडला होता. त्यांनी मला बोलावलं. भोंग्याचा माईक हातात घेतला.

“मंडळी,” ते म्हणाले, “ह्या हंगामाचं यश माझं न्हाई. हे माझ्या सुनंचं यश हाय. अशी भीती सात गावांत हुडकून घावायची न्हाई.”

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. मामंजींनी माझ्या खांद्यांवर शाल घातली. चांगली होती, लोकरीची, कडेला जर. हातात नारळ दिला.

“ही जूनला सांगलीला जाणार हुती,” मामंजी म्हणाले. ते मनापासून बोलत होते. “पर असलं रतन कोण घराभाईर धाडतं का? मी ठरवलंय. ही आता कुठं जायची न्हाई. दर सालाला आपल्या शिनेमाची निवड हीच करणार. हाच तिचा कोर्स आन् हीच तिची डिग्री.”

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. बाप्यांच्या अंगाकडच्या जास्त जोरात. मशीनपाशी भानुदास उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मशीनकडं, आणि हळूच टाळी वाजवली.

मी तोंड उघडलं. जिच्या किंकाळीवर सगळा हंगाम उभा राहिला होता, तिच्या तोंडून साधा शब्द फुटेना. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी हसत होते. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा तोंड आपोआप हसतं.

त्याच वेळी आत्याबाई किंचाळल्या.

तशी किंकाळी मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतर दवाखान्यातल्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत ऐकली नाही. तंबूची कनात थरारली. बाहेर बांधलेले बैल उठून उभे राहिले. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. नारळ माझ्या हातातून पडला. बायांच्या अंगाला आत्याबाई उभ्या होत्या, दोन्ही हातांनी तंबूचा खांब धरून.

मामंजी माईक हातात घेऊनच धावले. “काय झालं? काय दिसलं?”

“घाबरले.”

“कशाला? पडदा कोरा हाय.”

“पडद्याचं न्हाई,” आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या. “तुमी बोलत हुता, आन् मी घाबरले.”

माईकमधून सगळं बाहेर जत्रेभर ऐकू जात होतं. मामंजींच्या ते ध्यानातच नव्हतं. त्यांनी मान तिरपी केली, डोळे मिटले. आवाज विरून गेला होता, तरी ते ऐकत होते. सगळ्या तंबूवाल्यांत त्यांच्यासारखा कान नव्हता. त्यांना फसवणं मला जमलं नव्हतं.

“खरी हाय,” ते पुटपुटले. “पोटातनं आली.”

“आली न्हवं?” आत्याबाई म्हणाल्या. “मग माझी भीती परत आली. आता पोरीचं काय काम? जाऊ द्या तिला तिच्या सांगलीला. बोला समद्यांसमोर.”

बायांच्या अंगाला एक म्हातारी म्हणाली, “बोला की, मालक.” तिच्यामागून आणखी कुणी. बाप्ये एकमेकांकडं बघत होते. त्यांचं भूत पुन्हा हुकलं होतं.

मामंजी बोलले. सूनबाई जूनला सांगलीला जातील, असं त्यांनी माईकवर सांगितलं, जरा खाकरून, आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. मशीनपाशी भानुदासांनी या वेळी मोठ्यानं वाजवल्या. आणि मी जूनला गेलेही. पण त्या संध्याकाळचं मला आठवतं ते हे नाही.

टाळ्या थांबल्यावर लोक बसायला लागले. मामंजी तिथंच उभे राहिले, आत्याबाईंसमोर. काहीतरी त्यांच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. माईक अजून त्यांच्या हातात होता, छातीपाशी, चालूच. त्यांनी बायकोला नावानं हाक मारली. त्या घरात मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

“अनसूया,” ते म्हणाले, आणि तो बारीक आवाज भोंग्यातून सगळ्या जत्रेवर पसरला. “आधीच्या किंकाळ्या... एवढ्या वर्षांच्या... त्या शिनेमालाच हुत्या न्हवं?”

आत्याबाईंनी चष्मा काढला. पदरानं दोन्ही भिंगं पुसली, घाई न करता. पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि नवऱ्याकडं नीट बघितलं.

“मशीन सुरू करा,” त्या म्हणाल्या. “बाया चुली सोडून आल्यात.”